देणगी नको, रजा द्या

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला ट्रक बुटीबोरी, जाम, हिंगणघाट मागे टाकत वडनेरला येतो. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, आताचा ४४. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत देश उभा चिरत जाणारा हा रस्ता वर्धा जिल्हा सोडण्याआधी या गावाजवळून जातो. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत कोळसा, सिमेंट, रुईच्या गाठी, संत्री आणि परराज्यांतला नाना प्रकारचा माल. अशा गावाच्या नाक्यावर खासगी उद्योग म्हणजे काय असतं? एखादा पेट्रोलपंप, दोन-चार ढाबे, पंक्चरचं दुकान, मेडिकल स्टोअर, ज्याच्या नावावर दोन ट्रक आहेत असा मालक, आणि हंगामात हिंगणघाटच्या जिनिंगला माणसं पुरवणारा ठेकेदार.

एचआयव्ही-एड्सच्या राष्ट्रीय कार्यक्रमात खासगी उद्योगांचा सहभाग वाढला पाहिजे, हे वाक्य गेली पंचवीस वर्षं दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत ऐकू येतं. ते उच्चारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र वडनेरचा नाका नसतो. त्यांच्यापुढे असते मोठी कंपनी, तिचा सामाजिक दायित्वाचा विभाग, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, छातीवर लावायची लाल फीत आणि धनादेश देतानाचा फोटो. उद्योगांच्या सहभागाची सगळी कल्पनाच देणगीच्या साच्यात ओतली गेली आहे. माझं म्हणणं असं की हा साचाच चुकीचा आहे. या साथीत उद्योगाकडे देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट पैसा नव्हे. औषध सरकार देतं, तपासणी सरकार करतं, समुपदेशक सरकार नेमतं. नोकरी, रजा आणि कामाचे तास मात्र सरकारच्या हातात नाहीत. ते मालकाच्या हातात आहेत, आणि नेमकं तेच तो देत नाही.

देशाची स्थिती थोडक्यात अशी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे 'नाको' १९९२ मध्ये स्थापन झाली. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, औषधं मोफत मिळू लागली. 'नाको'च्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढांमधलं प्रमाण ०.२ टक्के आहे, तर त्या एका वर्षातले नवे संसर्ग ६८ हजारांच्या घरात. राज्यांमध्ये सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या भाकितांशी ताडून पाहिलं तर हे यश मोठं आहे. पण या यशानं प्रश्नाचं रूप बदलून टाकलंय. तेव्हा माणूस मरू नये ही चिंता होती. आज दिवसाला एक गोळी घेणारा माणूस चाळीस वर्षं काम करू शकतो, आणि शरीरातला विषाणू औषधानं दबलेला राहिला तर त्याच्याकडून जोडीदाराला संसर्गही होत नाही. म्हणजे प्रश्न आता रुग्णालयातून निघून कामाच्या ठिकाणी येऊन बसलाय.

तो तिथे कसा बसतो, ते जवळून पाहू. समजा, एक ड्रायव्हर एआरटीवर आहे. त्याच्याकडे एआरटी केंद्राची हिरवी पुस्तिका आहे. तीत पुढची तारीख लिहिलेली आहे. प्रकृती स्थिर असेल तर त्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. तारीख मंगळवारची. सोमवारी तो सिमेंटच्या कारखान्याबाहेर रांगेत उभा आहे. गाडीचा नंबर लागलेला नाही. नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही, आणि गाडी सोडून जाता येत नाही, कारण गेला की नंबर गेला. थांबल्याचे पैसे मिळाले तर मालकाला मिळतात, ड्रायव्हरच्या हाती ट्रिपची खर्ची तेवढी. प्रवासात असलेल्या रुग्णाला वाटेतल्या दुसऱ्या केंद्रावरून गोळ्या घेण्याची सोय सरकारनं ठेवली आहे. पण त्यासाठी भरलेला ट्रक गावात न्यायचा कुठे, उभा कुठे करायचा आणि उशीर का झाला ते मालकाला काय सांगायचं? खरं कारण सांगितलं तर पुढची ट्रिप मिळेल याची खात्री नाही. मग तारीख हुकते. गोळ्यांमध्ये खंड पडत राहिला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि त्याहून महागडी, दुसऱ्या फळीची औषधं सुरू करावी लागतात. ती पुन्हा सरकारच देतं. रांगेत घडलेल्या चुकीचा भुर्दंड असा तिजोरीवर पडतो. कारखान्याच्या हिशेबवहीत त्याची नोंदही नसते.

जिनिंगमधल्या मजुराचं याहून वेगळं नाही. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रोजीवरचा माणूस एक दिवस गेला नाही तर त्या दिवसाची रोजी बुडते, आणि चारदा गेला नाही तर ठेकेदार दुसरा माणूस आणतो. एआरटी केंद्राची वेळ आणि पाळीची वेळ एकच.

ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा काही पटींनी जास्त आढळतं. त्यावरून त्यांच्या चारित्र्याबद्दल बोलायची आपल्याकडे सवय आहे. पण संसर्ग व्यवसायाला चिकटत नाही, तो परिस्थितीतून येतो. महिना-महिना घराबाहेर राहणं, लोडिंग-अनलोडिंगच्या प्रतीक्षेत रिकामे गेलेले दिवस, अपुरी झोप, आणि या सगळ्यातला पैसा व वेळ दुसऱ्याच्या मर्जीवर असणं, ही ती परिस्थिती. ती वाहतूक उद्योगानं घडवलेली आहे. तेव्हा उद्योगाला 'सहभागी व्हा' म्हणून आवतण देणं हीच मुळात थट्टा आहे. तो सुरुवातीपासून सहभागी आहेच, फक्त नको त्या बाजूनं.

आजवर उद्योगांनी काही केलंच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशननं २००३ मध्ये 'आवाहन' हा कार्यक्रम सुरू केला. मॅकिन्झीतून आलेले अशोक अलेक्झांडर त्याचे प्रमुख होते. महाराष्ट्रासह सहा राज्यं आणि राष्ट्रीय महामार्ग हे त्याचं क्षेत्र. महामार्गांचं काम ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या वाहतूक कंपनीच्या फाउंडेशननं उचललं आणि ट्रकथांब्यांवर 'खुशी क्लिनिक' उघडली. गाड्या कुठे थांबतात आणि ड्रायव्हर कधी मोकळा असतो, हे वाहतूक कंपनीइतकं कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला ठाऊक नसतं. उद्योगाच्या ज्ञानाचा हा खरा उपयोग होता. अपोलो टायर्सनंही दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरपासून सुरुवात करून ठिकठिकाणच्या ट्रान्सपोर्ट नगरांत दवाखाने काढले. महाराष्ट्रात पिंपरीला बजाज ऑटो, अंधेरीला लार्सन अँड टुब्रो, विक्रोळीला गोदरेज यांनी सरकारशी भागीदारी करून एआरटी केंद्रांना हातभार लावला.

पण या यादीवर पुन्हा नजर टाका. ट्रान्सपोर्ट नगर, औद्योगिक पट्टा, महानगर. महामार्गांवरच्या कामातही अनुभवांती असं ठरलं की पुष्कळ लहान थांब्यांवर शक्ती विखुरण्यापेक्षा थोड्या पण मोठ्या थांब्यांवर ती एकवटावी. व्यवस्थापन म्हणून निर्णय बिनचूक, कारण तेवढ्याच खर्चात जास्त ड्रायव्हर भेटतात. पण अशा हिशेबात वडनेरसारखं गाव कधीच बसत नाही. आणि देणगीवर चाललेली गोष्ट देणाऱ्याच्या हिशेबानंच चालते. 'आवाहन'चं काम पुढे टप्प्याटप्प्यानं सरकारकडे सोपवलं गेलं, ते योग्यच झालं. दवाखाना सरकारकडे सोपवता येतो. मालानं भरलेल्या ट्रकची रांग सरकारकडे सोपवता येत नाही. ती ज्याची त्याच्याकडेच राहिली.

उद्योगाला त्याच्या फायद्याची भाषा कळते, म्हणून ती बोलावी, असं पुष्कळांना वाटतं. त्याला आधारही आहे. बोत्स्वानातल्या देबस्वाना या हिऱ्यांच्या खाणकंपनीनं २००१ मध्ये, तर दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकननं २००२ मध्ये कामगारांना एआरटी देण्याचा निर्णय घेतला. कामगारांचा इतका मोठा हिस्सा बाधित होता की गैरहजेरी, नवी भरती आणि प्रशिक्षण यांच्यापेक्षा औषध स्वस्त पडत होतं. पण हाच हिशेब उलटाही फिरतो. बॉस्टन विद्यापीठाच्या सिडनी रोझेन आणि जोनाथन सायमन यांनी २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत दाखवून दिलं की आफ्रिकेतल्या अनेक कंपन्या एड्सचं ओझं उचलत नव्हत्या, ते सरकवत होत्या. भरतीपूर्वी तपासणी करायची, सवलती कापायच्या, कायम कामगारांऐवजी ठेकेदाराची माणसं घ्यायची, की ओझं आपोआप घरावर आणि सरकारवर जातं. भारतात प्रमाण ०.२ टक्के, आणि मजूर मुबलक. इथे निव्वळ फायद्याचा हिशेब मांडला तर उत्तर सरळ येतं: आजारी माणूस बदला. म्हणून फायद्याच्या भाषेवर भिस्त ठेवता येत नाही. नियम लागतो.

नियमाचा पाया घातला तो मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये. एका सरकारी महामंडळातल्या हंगामी कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कायम करायला नकार मिळाला होता. त्याचं नाव जाहीर होऊ नये म्हणून खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या अक्षरांनी चालला. काम करायला जो सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला निव्वळ एचआयव्हीच्या कारणावरून कामावरून डावलता येणार नाही, असा न्यायालयाचा निर्णय झाला. पुढे वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, संसदेनं एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, संमतीशिवाय तपासता येत नाही, बाधिताची माहिती फोडता येत नाही, आणि भेदभावाची बंदी खासगी मालकालाही लागू आहे. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे. आरोग्यसेवेच्या आस्थापनेसाठी हा आकडा वीस आहे.

शंभर. नाक्यावरच्या ढाब्यात शंभर माणसं नसतात. दोन ट्रकांच्या मालकाकडे नसतात. जिनिंगमध्ये हंगामात माणसं भरपूर दिसतात, पण मस्टरवर कायम थोडी, बाकीची ठेकेदाराची. कंपनी कायद्याचंही तसंच. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक तरी असलेल्यांनाच हे लागू. या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संसदेनं एचआयव्ही-एड्सचा नावानिशी उल्लेख केला होता. २०१४ च्या फेब्रुवारीत अनुसूची बदलून अधिसूचित झाली, तेव्हा तो शब्द जाऊन सर्वसाधारण 'प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा' आली. म्हणजे एक कायदा महामार्गावरच्या धंद्याच्या डोक्यावरून जातो आणि दुसऱ्यातून विषयच गळाला.

उद्योगानं आपला धंदाच वेगळ्या रीतीनं केला तर काय होऊ शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईचंच आहे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये देऊ केला. बहुराष्ट्रीय कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजार डॉलरच्या पुढे घेत होत्या. जगभरच्या गरीब देशांत एआरटी पोचण्याचा मार्ग तिथून मोकळा झाला. सिप्लानं औषध विकलंच, फुकट वाटलं नाही. आणि ते विकता आलं, कारण १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाकारून फक्त प्रक्रियेला पेटंट ठेवलं होतं. राज्यानं नियम केला आणि उद्योगानं त्या नियमात आपलं रोजचं काम चोख केलं. कोणत्याही देणगीपेक्षा त्यातून जास्त जीव वाचले.

वर्धा जिल्ह्याला हा विचार परका नाही. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात संस्थांना उदंड दान दिलं. पण १९२८ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं, त्याला पैसा लागला नाही. जे दार त्यांच्या अधिकारात होतं ते त्यांनी उघडलं, एवढंच. बाबा आमटे तर हिंगणघाटचेच, १९१४ मध्ये तिथे जन्मलेले. कुष्ठरोग्याला भीक नको, काम हवं, या भूमिकेवर त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. त्याआधी १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं होतं. या वसाहती वेगळ्या उभाराव्या लागल्या, कारण बाहेरची कुठलीही गिरणी, कुठलंही शेत त्या माणसांना कामावर ठेवत नव्हतं. एचआयव्हीसाठी आनंदवन उभारण्याची गरज नाही. औषधानं माणूस आहे त्याच गाडीवर, आहे त्याच जिनिंगमध्ये काम करू शकतो. वेगळी जागा द्यायची नाही, असलेली काढून घ्यायची नाही, इतकीच मागणी आहे.

याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप गोपनीयतेचा आहे. मालकाला या विषयात ओढलं की कोण बाधित आहे हे शोधायला तो लागणार. गाव लहान, जिभा लांब. ज्याला मदत करायची त्याचीच नोकरी जाणार. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कारखान्यांच्या आवारात भरवल्या जाणाऱ्या तपासणी शिबिरांबद्दल मला शंका वाटते. पण त्याचं उत्तर मालकाला बाजूला ठेवण्यात नाही. कोण बाधित आहे हे न कळताही जे देता येतं तेच त्याच्याकडून मागावं. महिन्याला एक पगारी आरोग्य रजा, सर्वांना, कारण न विचारता. मधुमेहाचा माणूस तीच घेईल, टीबीचा तीच घेईल, गरोदर बाई तीच घेईल, एआरटीवालाही घेईल. ज्या सोयीसाठी माणसाला आपलं नाव सांगावं लागत नाही, ती सोय या आजारात सर्वांत सुरक्षित.

दुसरा आक्षेप परवडण्याचा. दोन ट्रकवाला म्हणेल, डिझेल, टोल, हप्ता भरून हाती काय उरतं? त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणून जबाबदारी त्याच्यावर संपता कामा नये. त्याच्या गाडीत माल कोणाचा आहे? सिमेंट कंपनीचा, कोळसा खाणीचा, कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याचा. बिल्टीवर ज्याचं नाव आहे त्यानं वाहतुकीच्या करारात दोन कलमं घालावीत. गाडी ठरलेल्या तासांत भरली-उतरवली जाईल, न झाल्यास थांबण्याचं भाडं मिळेल आणि त्यातला हिस्सा ड्रायव्हरच्या हाती पडेल. शिवाय रजेचा बोजा भाड्याच्या दरात धरला जाईल. 'नाको'नं मोठ्या उद्योगांना त्यांच्या ठेक्यावरच्या, असंघटित कामगारांपर्यंत पोचवण्यासाठी नियोक्ता-प्रणीत कार्यक्रम आखला आहेच. त्याची दिशा अचूक आहे. पण तो माहितीपत्रक आणि तपासणीवर थांबू नये. त्याची खरी जागा करारात आहे. सरकारी कंपन्यांनी आपल्या निविदांत ही कलमं उद्यापासून घालावीत, म्हणजे खासगी कंपन्यांना मागे राहण्याची सबब उरणार नाही.

तिसरी गोष्ट संघटनेची. एका जिनिंगला तक्रार अधिकारी परवडत नसेल, तर तालुक्यातल्या जिनिंग मालकांच्या संघटनेनं सगळ्यांसाठी मिळून एक नेमावा. ट्रकमालकांच्या संघटनेनं तेच करावं. आणि तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबनं, जी स्वतःही खासगी उद्योगच आहे, मालकानं पाठवलेल्या माणसाचं रक्त संमतीशिवाय एचआयव्हीसाठी तपासणार नाही आणि अहवाल मालकाच्या हातात देणार नाही, एवढं पाळावं. कायदा आजही तेच सांगतो. तो पाळायला खर्च येत नाही.

आता साथ ओसरते आहे, मग हे कशाला, असं कोणी विचारेल. ओसरते आहे ती लाखो लोक रोज गोळी घेतात म्हणून. ज्या दिवशी त्यांची तारीख हुकेल त्या दिवसापासून ती ओसरायची थांबेल. औषध मोफत केलं, पण ते आणायला लागणारा दिवस फुकट मिळत नाही. तो दिवस मालकाचा आहे. यंदाच्या १ डिसेंबरला कोणत्याही कंपनीनं एड्ससाठी किती रुपये दिले हे विचारू नये. तिच्या मालाचा ट्रक फाटकाबाहेर किती तास उभा राहतो आणि तिच्या ठेकेदाराच्या माणसाला कारण न सांगता किती पगारी रजा मिळते, ते विचारावं. ज्या कंपनीला याचं उत्तर देता येत नसेल, तिचा धनादेश परत करावा.